गुडघ्यावरचं दार

त्याच्यापुढे कुठलंही दार आलं की तो ते आधी उघडायचा, मग मोकळ्या टोकाला धरून किंचित वर उचलायचा आणि मगच आत जायचा. कपाट असो, शेजाऱ्यांचा फ्रीज असो, नाहीतर दवाखान्यातली तपासणीची खोली असो. बिजागरी झिजलेली असली की उचलताना बोटांना एक बारीक खटका लागतो. तो खटका लागला की त्याचं चित्त उडालंच. दातात अडकलेल्या धाग्याकडे जीभ जावी तसं त्याचं मन पुन्हा पुन्हा तिथे जायचं. मुलगी सासरी गेल्यावर पहिल्यांदा व्याह्यांकडे गेले, तेव्हा सगळे आत जाऊन पाणी प्यायले आणि हा उंबऱ्यातच, दार वर-खाली करत.

"अहो, आत या. त्यांचं दार आहे, ते बघतील," बायको दबक्या आवाजात म्हणाली.

"खालची गेलीय."

"जाऊ दे गेली तर. आपली मुलगी गेलीय त्यांच्यात, तुम्ही बिजागरीचं काय घेऊन बसलात!"

तो आत येऊन बसला खरा, पण बसणं त्याला कधी जमलंच नव्हतं. बसला की उजवा पाय शिवणयंत्रावर ठेवल्यासारखा हलू लागायचा. समोरच्या कपातला चहा थरथरायचा. व्याही बोलत होते आणि हा दाराकडे बघत होता.

गॅरेजमध्ये त्याला मिस्त्री म्हणत. काम एकच: जुन्या गाड्यांची लोंबलेली दारं. नव्या गाड्या त्या गॅरेजात येतच नसत. पुढे लोखंडी फाटक, आत लांबट शेड, शेवटी पेंटरचा पडदा लावलेला कोपरा, आणि मधल्या जागेत वय झालेल्या गाड्या तोंड उघडून उभ्या. ड्रायव्हरच्या बाजूचं दार सगळ्यात आधी जातं. ते उघडलं जातं सगळ्यात जास्त म्हणून नव्हे, असं मिस्त्रीचं म्हणणं. माणूस गाडीतून उतरताना दारावर हात टेकतो, सगळा भार त्यावर टाकतो आणि मग उठतो, म्हणून. दारं म्हातारी होतात ती माणसांच्या टेकण्यानं.

दाराला दोन बिजागऱ्या. प्रत्येकीत एक पोलादी पिन, आणि पिनेभोवती पितळेची बारकी नळी, तिला बुश म्हणतात. पिन कडक, पितळ मऊ. वर्षानुवर्षं दार उघडलं-मिटलं की मऊ असतं ते झिजतं, गोल भोक लांबोळकं होतं आणि दाराचं पलीकडचं टोक खाली येतं. मग मालक दार उचलून लावू लागतो, मग आपटून लावू लागतो, आणि मग एके दिवशी गॅरेजमध्ये येऊन म्हणतो, लॉक खराब झालंय, बघा जरा.

बाहेरचे कारागीर यावर सोपा उपाय करतात. दाराचं कुलूप चौकटीवरच्या ज्या खुंट्याला अडकतं, तो खुंटाच सैल करून खाली सरकवायचा. दार लागतं, गिऱ्हाईक खूश होतं. मिस्त्रीला याचा भयंकर राग. "नवरा बुटका म्हणून घराचं छप्पर खाली आणायचं, त्यातली गत," तो म्हणायचा. तो पिना ठोकून काढायचा, जुने बुश फेकून नवे बसवायचा आणि मग दार टांगायचा. टांगायची त्याची स्वतःची तऱ्हा होती.

इतर लोक दाराखाली जॅक लावतात. मिस्त्री एका लाकडी खोक्यावर बसायचा, उजव्या मांडीवर गोणपाटाची घडी टाकायचा आणि दाराची खालची कड गुडघ्याच्या वरच्या अंगाला टेकवायचा. मग उजवी टाच हळूहळू उचलायची. टाच केसभर वर, दार केसभर वर. बिजागरीच्या बोल्टांची भोकं मुद्दाम ऐसपैस ठेवलेली असतात, त्यामुळे दार थोडं वर-खाली सरकवता येतं. सरकवता सरकवता एक क्षण असा येतो, की मांडीवरचं दार अचानक हलकं होतं. आपल्या जागी आलेल्या वस्तूला वजन राहत नाही, असं तो म्हणायचा. तो क्षण आला की पाना फिरवायचा, एकामागून एक बोल्ट आवळायचे आणि उठायचं. फटीकडे नजर टाकायचीही गरज नाही. दार बंद करायचं. आवाज यायचा तो जाड, एका अक्षराचा.

"लोकांची अक्कल डोक्यात असते," पेंटर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या मिस्त्रीची गुडघ्यात!"

मिस्त्रीला यात अपमान वाटत नसे. उलट एखाद्या हट्टी गिऱ्हाइकाला तो स्वतःच मांडी थोपटून म्हणायचा, "थांबा, ह्याला विचारतो."

बुश यायचे मेहुण्याकडून. दोन रस्ते ओलांडले की मेहुण्याचं लेथचं दुकान. ते आधी सासऱ्याचं होतं. मिस्त्री तरुणपणी तिथे बुश करून घ्यायला जायचा, आणि गरज नसतानाही जायचा. "बुश आणायला गेला नि बायको घेऊन आला," हा पेंटरचा आणखी एक ठेवणीतला विनोद. सासरा गेल्यावर लेथ मेहुण्याकडे आली, आणि काही वर्षं मेहुणा बाटलीकडे गेला. त्या काळात मिस्त्री काम सुटलं की घरी न जाता त्याच्या दुकानात जाऊन बसायचा. उपदेश करायचा नाही. नुसता बसायचा, पाय हलवत. मेहुणा वैतागून म्हणायचा, "दाजी, तो पाय थांबवा, नाहीतर मी पितो." एके दिवशी मेहुण्यानं सोडली ती सोडलीच. आता त्याचे केस पिकले होते, आणि त्याच्या लेथवरून उतरलेल्या बुशात पिन घातली की ती हवा दाबल्यासारखी हळूच, सुस्कारा टाकत आत जायची.

गाड्या परत यायला लागल्या तेव्हा आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. निवृत्त पोस्टमनची गाडी आली. दार लागताना खाली घासतंय म्हणाला. मिस्त्रीनं बोल्ट सैल करून पुन्हा टांगलं. मग आणखी एक आली. मग नर्सबाईंची.

नर्सबाई बाळंतपणं करत. हॉस्पिटलातली नोकरी संपली होती, पण आजूबाजूच्या वस्त्यांमधून त्यांना अजून बोलावणी येत आणि त्या आपल्या जुन्या गाडीतून वेळी-अवेळी जात. गाडी त्यांच्यासारखीच होती, रुंद, खालून थोडी गंजलेली, आणि कुणाचं न ऐकणारी. मिस्त्रीनं त्यांच्या दाराला नवे बुश घातले, गुडघ्यावर टांगलं. थोड्याच दिवसांत त्या परत आल्या. दाराचं टोक खाली होतं.

त्यानं दार उघडून उचलून बघितलं. खटका नव्हता. बिजागरी घट्ट होती, पिन घट्ट होती, काहीच झिजलेलं नव्हतं, आणि तरीही दार खाली बसलेलं. हे कोडं त्याला सहन होईना. बोल्ट सैल केले, पुन्हा मांडीवर घेतलं, पुन्हा आवळलं. पुन्हा खाली. बाहेर नर्सबाई घड्याळ बघत होत्या. कुणीतरी कुठेतरी कळा देत होतं. तेव्हा मिस्त्रीनं आयुष्यात जे केलं नव्हतं ते केलं. कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यानं चौकटीवरचा खुंटा सैल केला आणि खाली सरकवला. दार लागलं. आवाज दोन अक्षरांचा आला.

नर्सबाई गेल्या आणि त्या दिवसापासून तो जास्तच अस्वस्थ झाला. हातातली हत्यारं ठेवायचा आणि कुठे ठेवली ते विसरायचा. जेवताना उठायचा. फाटकाशी जाऊन रस्ता बघून यायचा.

त्या परत आल्या तेव्हा गाडी फाटकाबाहेरच सोडून आल्या. हातात त्यांची काळी बॅग होती आणि बॅगेची एक बाजू खरचटून पांढरी पडली होती.

"वळणावर दार उघडलं, मिस्त्री," त्या शांतपणे म्हणाल्या. "खाली घासतं म्हणून ते आपटल्याशिवाय पूर्ण लागत नाही. घाईत आपटायचं राहिलं. बॅग रस्त्यावर गेली. मी गेले नाही, कारण पट्टा होता आणि माझं वजन आहे. माझ्या जागी बारकी बाई असती तर?"

शेठ केबिनमधून बाहेर आला. शेठ तरुण होता, वडिलांच्या मागे गॅरेज चालवत होता आणि मिस्त्रीला अहो-जाहो करायचा. पेंटर पडद्यातून डोकावला. आणि नेमका त्याच वेळी मेहुणा तिथे उभा होता. नव्या बुशांचा डबा द्यायला आला होता.

"मिस्त्री, काय झालं हे?" शेठनं विचारलं.

"बुश," मिस्त्री म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावर त्याला तो ऐकू आला. "भोक मध्यावर नाही. एका अंगाला सरकलंय. म्हणून खटका नाही, पण दार बसतंच खाली."

मेहुण्यानं डबा शेजारच्या गाडीच्या टपावर ठेवला. "दाजी, एकाच पकडीत बाहेरून सोलतो आणि आतून भोक पाडतो. मध्य सरकेल कुठून? लेथ काय नशेत असते?"

"लेथ नसेल," मिस्त्री म्हणाला.

पेंटरनं मान आत घेतली. मेहुणा थोडा वेळ दाजींच्या तोंडाकडे बघत राहिला, मग फाटकातून निघून गेला. डबा टपावर तसाच राहिला.

"ह्यापुढे बुश बाजारातून तयार घेऊ," शेठ म्हणाला. "उद्या सकाळी मी आणतो. बाई, तुमची गाडी आत घेतो, उद्या देतो."

घरी गेल्यावर बायको वाळलेले कपडे घडी करत होती. तिनं वर बघितलं नाही.

"तो पुन्हा प्यायला लागलाय असं म्हणालात?"

"तसं म्हणालो नाही."

"मग कसं म्हणालात?"

"लेथ नसेल. एवढंच."

"एवढंच." तिनं त्याच्या सदऱ्याची घडी मोडून पुन्हा घातली. "त्याला बाटलीतून तुम्ही काढलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. आता काय सांगू? ज्यानं काढलं त्यानंच पुन्हा बुडवलं?"

"बुश खराब आहेत, त्याला मी काय करू!"

"बघितलेत?"

"काय?"

"बुश. काढून, मोजून, बघितलेत का?"

तो खिडकीशी गेला, परत आला, खुर्चीवर बसला, उठला. बायको त्याच्याकडे बघत होती, तो रागावला आहे की घाबरला आहे ते तिला ठरवता येत नसावं.

"तुमचा पाय हलत नाही हल्ली," ती म्हणाली.

"काय?"

"इतकी वर्षं टेबल हलायचं. आता हलत नाही. मला वाटलं वयानं आली असेल शांती."

शांती! तो पुन्हा खिडकीशी गेला.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजवर सगळ्यांच्या आधी पोचला. फाटकाचं कुलूप काढलं. शेडमध्ये सकाळचं तिरपं ऊन आलं होतं, आणि नर्सबाईंची गाडी त्यात बरोबर सापडली होती. आधी त्याची नजर खुंट्यावर गेली. सरकवलेल्या खुंट्याच्या वर जुन्या रंगाची एक कोरी कड उघडी पडली होती, अंगठी काढलेल्या बोटासारखी. त्यानं तो खुंटा पूर्वीच्या जागी नेऊन आवळला. मग पिना ठोकून काढल्या, बुश काढले, कापडानं पुसले आणि कॅलिपरनं त्यांची भिंत चहूबाजूंनी मोजली. सगळीकडे सारखी. त्यानं पुन्हा मोजली, कॅलिपरला दोष द्यावा म्हणून. मेहुण्याचा बुश म्हणजे मेहुण्याचा बुश. पिन घातली तर सुस्कारा आला.

बुश परत बसवले. खोकं ओढलं, मांडीवर गोणपाट घातलं, दार घेतलं. टाच उचलली. दार हलकं झालं. हलकं झालं असं त्याला वाटलं. पाना लावला.

नेहमी तो टांगताना बोल्टाकडे बघायचा. फटीकडे बघणं म्हणजे त्याला गुडघ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटे. आज त्यानं फटीकडे बघितलं. दार आणि चौकट यांच्यामध्ये उन्हाची एक सरळ रेघ होती. तो पाना फिरवत होता आणि रेघ एका टोकाला बारीक होत चालली होती. कुठलाही आवाज न करता दार खाली जात होतं. मांडीनं काही सांगितलं नाही. पोटरीनं काही सांगितलं नाही. त्यानं मान वाकवून पायाकडे बघितलं, तर टाच जमिनीवर टेकलेली होती.

त्यानं ती टेकवली नव्हती. निदान त्याला कुणी कळवलं नव्हतं.

तो कितीतरी वेळ त्या टाचेकडे बघत बसला. दुसऱ्या कुणाचा तरी पाय आपल्या मांडीखाली कुणी ठेवून गेलंय असं त्याला वाटलं. मग बोल्ट सैल केले, खोकं पलीकडे नेलं, डावा पाय लावला. डावी टाच नवशिकी होती, थरथरत होती, पण टिकली. रेघ सरळ राहिली. पुन्हा उजवा लावला. रेघ खाली गेली. तो उठला, शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. आपल्या चालण्यात काही फरक आहे का ते ऐकू लागला. डाव्या पावलाचा आवाज येत होता. उजव्याचाही येत होता, पण सपाट, कुणीतरी वही टाकावी तसा. किती दिवस हा आवाज येत असेल? आणि आपण, लोकांच्या दारांचे आवाज ऐकणारे?

इतक्यात शेठची स्कूटर फाटकात आली. त्यानं मिस्त्रीच्या हातात एक पुडकं दिलं. तयार बुश.

"हे घाला. जॅक लावा नि आज नक्की द्या."

मिस्त्री पुडकं हातात घेऊन उभा राहिला. काहीच करायची गरज नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं. हे बुश घालायचे, जॅकवर दार टांगायचं, दार सरळ बसणार. सगळे म्हणणार, बघा, बुशच खराब होते. काल जे खोटं बोललो ते आज आपोआप खरं होणार. गुडघा गेल्याचं कुणाला कळणार नाही. मेहुणा पितो, हे मात्र सगळ्यांना कळलेलंच राहील. इतकी सोपी गोष्ट त्याच्या हातात आजवर कधी आली नव्हती. पुडकं अगदी हलकं होतं.

चहा आला तेव्हा नर्सबाईही आल्या होत्या. गाडी नेईपर्यंत मी इथेच बसणार म्हणून स्टुलावर ठाण मांडून होत्या. मिस्त्रीनं कप घेतला नाही.

"बुश बरोबर होते," तो म्हणाला. "मेहुण्याचे. माझा गुडघा गेलाय."

पेंटर फिस्सकन हसला. चहा त्याच्या नाकात गेला. "अरेरे! म्हणजे अक्कलच गेली की!"

शेठही हसला. एरवी न हसणाऱ्या नर्सबाईंच्याही ओठांचा कोपरा हलला. मिस्त्रीला कळेना काय करावं. वर्षानुवर्षं ज्या विनोदावर तो स्वतः मान डोलवत आला होता, तो आता पुढे भिंतीसारखा उभा होता.

"हसू नका," तो म्हणाला. "इकडे या. शेठ, तुम्ही पण. माझ्याकडे बघू नका, टाचेकडे बघा."

त्यानं खोक्यावर बसून दार मांडीवर घेतलं आणि पाना फिरवायला लागला. बोल्टाकडेच बघत राहिला; टाचेकडे बघायचा धीर त्याला झाला नाही. हसणं आधी पेंटरचं थांबलं, मग शेठचं. त्यावरून त्याला समजलं की टाच खाली आली.

"बूट काढा," नर्सबाई म्हणाल्या. "चवड्यांवर उभे राहा. दोन्ही. आता नुसत्या डाव्यावर. आता उजव्यावर."

उजवी टाच जमिनीला खिळ्यानं ठोकल्यासारखी राहिली. तो गाडीला धरून जोर करत होता, मान लाल झाली होती, पण टाच उठत नव्हती.

"कमरेत नस दाबली गेलीय. पावलाची बाहेरची कड बधिर आहे?"

"नवे बूट घेतले होते. चावले नाहीत. वाटलं, यावेळी चांगले मिळाले."

"डॉक्टरकडे जा, याच आठवड्यात. मी नाव सांगते." त्या थोडं थांबल्या. "आणि माझं दार कोण लावणार?"

"मी," मिस्त्री म्हणाला.

"तुम्ही?"

त्या एका शब्दात काही वाईट नव्हतं. तो त्याला लागला मात्र.

शेठनं जमिनीकडे बघत म्हटलं, "जॅक लावा, मिस्त्री. आणि फट दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या. बोल्ट आवळताना तुम्हाला दोन्ही एकदम दिसणार नाहीत."

"मी रंग बघतो," पेंटर म्हणाला, पण हळू. "फटी मला सगळ्या सारख्याच दिसतात."

मिस्त्री बूट घालून निघाला. मेहुण्याच्या दुकानात लेथ चालू होती. पितळेचा सोनेरी किस गोल गोल होऊन खाली पडत होता. मेहुण्यानं त्याला पाहिलं आणि पुन्हा कामाकडे नजर वळवली.

"मशीन चालू आहे, दाजी."

"थांबतो."

तो थांबला. त्याला थांबता येत नाही हे दोघांनाही माहीत होतं. मेहुण्यानं तुकडा सावकाश पुरा केला, कानशीनं कड मोडली, कापडानं पुसला, मग मशीन बंद केली.

"काय?"

"बुश बरोबर होते."

"मला माहीत होतं."

"पायात ताकद राहिली नाही. टाच खाली यायची, मला कळायचं नाही. आता सगळ्यांसमोर सांगून आलो."

मेहुण्यानं त्याच्या पायाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, पण त्यानं ते लगेच आवरलं.

"आणि दुसरं?"

"दुसरं काय?"

"दाजी."

मिस्त्री दुकानाच्या दाराकडे बघू लागला. "तसं स्पष्ट कुठे बोललो होतो मी..."

"स्पष्ट बोलला असतात तर भांडलो असतो. अर्धं बोललात. काल दुपारी पेंटर दुकानावरून गेला, तर उगाच आत डोकावून वास घेऊन गेला. त्याला वाटलं, मला कळलं नाही."

"चल तर. तुझ्यासमोर सांगतो."

"माझ्यासमोर कशाला? मी समोर असताना काय, कुणीही सांगेल. मी नसताना सांगा."

आणि त्यानं मशीन पुन्हा चालू केली.

दोन रस्ते परत ओलांडणं मिस्त्रीला फार जड गेलं. गुडघ्याचं सांगणं सोपं होतं; गुडघा काही मुद्दाम गेला नव्हता. गॅरेजच्या फाटकाशी तो दोनदा थांबला, दोनदा पुढे गेला. आत रेडिओ चालू होता. त्यानं तो बंद केला, तेव्हा पेंटर पडद्यातून बाहेर आला आणि शेठनं केबिनमधून मान काढली.

"मेहुणा पीत नाही," मिस्त्री म्हणाला. "वर्षानुवर्षं पीत नाही. हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. माझं दार बसत नव्हतं, मला कारण सापडत नव्हतं, म्हणून काल मी ते बोललो. आणि बाई, खुंटा मी सरकवला होता. तुमचं दार मेहुण्यामुळे नाही, माझ्यामुळे उघडलं."

यावेळी कुणी हसलं नाही. नर्सबाईंनी बॅगेच्या पांढऱ्या पडलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. रागावतील असं वाटलं, पण त्या म्हणाल्या, "पेशंट दगावता दगावता वाचला की आम्ही चूक लिहून ठेवतो आणि पुढच्या खोलीत जातो. तुम्ही काय करता?" पेंटरनं डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला आणि हातातला ब्रश चुकीच्या डब्यात बुडवला.

मिस्त्रीनं तयार बुशांचं पुडकं शेठच्या टेबलावर नेऊन ठेवलं. जॅक ओढत आणला, त्यावर लाकडाचा तुकडा, तुकड्यावर गोणपाट. दार त्यावर घेतलं. जॅकचा दांडा फिरवून टोकाशी जायचं, फट बघायची, परत यायचं, पाना लावायचा, तेवढ्यात शंका यायची, पुन्हा टोकाशी जायचं. बोल्ट आवळताना दार हलतं, आणि हललेलं बघायला तो टोकाशी नसायचा. असा तो किती वेळ येरझारा घालत होता कोण जाणे. घाम कानामागून उतरत होता. नर्सबाई घड्याळ बघत होत्या, म्हणून जास्तच त्रास होत होता.

दुपार कलताना फाटकाशी मेहुणा दिसला. पेंटरनं फोन केला असावा, किंवा बहिणीनं. त्यानं कुणाकडे बघितलं नाही. टपावरचा आपला बुशांचा डबा उचलून खाली ठेवला, दाराच्या मोकळ्या टोकाशी येऊन उभा राहिला, आणि एक डोळा मिटून दुसरा फटीला लावला, लेथवर टोक बघतात तसा.

मिस्त्री बोल्टापाशी बसला. हात जॅकच्या दांड्यावर.

"आलं का?" त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यानं कुणाला विचारला नव्हता. लोक त्याला विचारत.

"नाही."

त्यानं दांडा थोडा फिरवला. "आता?"

"वर. अजून."

"आता?"

मेहुणा उत्तर देईना. बघत राहिला. त्याला वेळ घ्यायचा हक्क होता, आणि तो घेत होता. मिस्त्रीनं पाना बोल्टावर चढवला होता, हात ताणलेला होता, आवळायचं तेवढं बाकी होतं. शेडमध्ये कुठेतरी पत्रा तापून टकटकत होता. त्याला उठून स्वतः बघावंसं वाटलं, इतकं की खांद्यात कळ आली. तो उठला नाही.

"सांग ना रे," तो म्हणाला.